कडू उतरवलेलं मूळ

सूर्यमाळच्या उतारावरच्या एका पाड्यातल्या सुईणीवर जंगलखात्याची नजर गेली ती माझ्यामुळे. हे आधीच कबूल केलेलं बरं, कारण पुढचं सगळं वाचताना मी कुणी मोठा शहाणा होतो असा समज व्हायला नको. मी हट्टी होतो आणि तापट होतो. इंटर सायन्सला वनस्पतिशास्त्रात बरे गुण मिळाले होते, आणि तेवढ्या भांडवलावर मला वाटायचं की या डोंगरातलं कुठलंही झाड माझ्यापासून तोंड लपवू शकणार नाही.

जव्हार संस्थान विलीन होऊन चार-पाच वर्षं झाली होती. माझे वडील संस्थानच्या कचेरीत कारकून. विलीनीकरणानंतर त्यांची बदली ठाण्याला झाली आणि मी मोखाड्याच्या बाजूला एका एकशिक्षकी शाळेत गुरुजी म्हणून लागलो. शाळा म्हणजे कुडाच्या चार भिंती आणि एक फळा. पाऊस संपला की शाळा सुटल्यावर मला भरपूर वेळ असायचा. तो मी पानं गोळा करून जुन्या वर्तमानपत्रांत दाबून ठेवण्यात घालवायचो. पाड्यावरचे लोक मला वेडा समजत नसावेत, पण शहाणाही समजत नव्हते.

संस्थानच्या काळात जंगलाचे नियम नव्हते असं नाही. पण नियम सांगणारे आणि मोडणारे एकमेकांना ओळखत होते. गार्ड वर्षानुवर्षं तोच असायचा, आणि त्याच्या बायकोचं बाळंतपण याच सुईणीने केलेलं असायचं. आता मुंबई राज्याचं खातं आलं, छापील फॉर्म आले, आणि देशावरून बदली होऊन एक रेंजरसाहेब मोखाड्याला आले. माणूस वाईट नव्हता. लाकूडचोरांशी त्याने दोन हात केले होते, आणि वरून आलेला प्रत्येक हुकूम तो शब्दाला शब्द पाळायचा. ज्या गोष्टीला फॉर्ममध्ये रकाना नाही ती गोष्ट जगात नाही, एवढाच त्याचा दोष होता.

अशात माझ्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांचं पत्र आलं. युरोपातल्या, हॉलंडच्या एका औषधकंपनीने मुंबईत आपली शाखा उघडली होती. कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण मला कुणाची जाहिरात करायची नाही आणि बदनामीही करायची नाही. आपल्याकडचे वैद्य शेकडो वर्षं जी सर्पगंधा देत आले तिच्यातलं नेमकं सत्त्व वेगळं काढायच्या खटपटीत त्या कंपनीचे संशोधक होते. त्या सत्त्वाने चढलेला रक्तदाब उतरतो आणि पेटलेलं डोकं शांत होतं असं त्यांना दिसत होतं. मुळी कुटायची, अर्क काढायचा, तो जनावरांना टोचून परिणाम मोजायचा, असा त्यांचा उद्योग चालू होता. पण एका डोंगरातली मुळी जोरकस निघायची आणि दुसऱ्या डोंगरातली मिळमिळीत. म्हणून त्यांना ठिकठिकाणचे नमुने हवे होते, आणि तेही चिमूटभर नव्हेत, अर्धी अर्धी गोणी. तुमच्या भागात मिळते का बघा, असं प्राध्यापकांनी लिहिलं होतं.

मी तीन रविवार हिंडलो आणि मला एक झुडूप सापडलं नाही. जगातलं एक झाड तरी माझ्यापासून तोंड लपवू शकत होतं. शेवटी नाक मुठीत धरून सुईणीकडे गेलो आणि पुस्तकातलं चित्र तिच्यापुढे धरलं. तिने ते उलटसुलट बघितलं आणि म्हणाली, "पान बरं काढलंय. हे कडू मूळ. तू सकाळी त्याच्यावरच बसला होतास, गुरजी."

ती पन्नाशीची असेल. अंगाने काटक, बोलायला फटकळ. तिच्या बोलीत सगळ्यांना 'तू'च असायचं, मला काय आणि गार्डला काय. भोवतालच्या सात-आठ पाड्यांत तिच्या हातून जन्मलेली माणसं होती, आणि त्यांतली काही आता स्वतः बाप झालेली होती. ते मूळ ती कसं देते हे मी पुढे अनेकदा पाहिलं. सहाणेवर पाणी घालून दोन-तीन वेळा घासायचं, नखाच्या टोकावर येईल एवढंच चाटवायचं आणि मग माणसाजवळ बसून राहायचं. अडलेली बाळंतीण असो की झोप उडालेला, भ्रमिष्ट झालेला माणूस असो, ती उठायची नाही. "हे ईख हाय," ती म्हणायची, म्हणजे विष. "ईख देनाऱ्यानं उठून जायाचं नसतं."

तोवर ती जंगलात जायची, मूळ काढायची आणि कुणाच्या ध्यानातही यायचं नाही. मी मात्र कायद्याने चालणारा. मी रेंजरसाहेबांकडे रीतसर अर्ज केला की अमुक पाड्यातील अमुक स्त्रीच्या मदतीने औषधी मुळ्यांचे नमुने काढण्यास परवानगी मिळावी. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, "म्हणजे ही बाई राखीव जंगलात खोदते?"

नाही म्हणता येईना, अर्जात मीच तसं लिहिलं होतं. पास मिळाला, पण त्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं की खोदण्याची परवानगी फक्त कंपनीच्या नमुन्यांपुरती आहे आणि अन्य कारणासाठी मुळी काढताना आढळल्यास गुन्हा समजण्यात येईल. गार्डला तशी समजही देण्यात आली. मी चांगलं करायला गेलो आणि तिच्या वाटेत एक माणूस उभा करून आलो. तरीही मी मनाची समजूत घातली. नमुना पसंत पडेल, कंपनी मागणी करेल, तिला कायमचा पास मिळेल आणि मग गार्डचं काही चालणार नाही. तसं मी तिला छातीठोकपणे सांगितलंही. ती म्हणाली, "बरं, तू सांगतोस तर."

कार्तिकात तिने पाड्यातल्या चार बायांना घेऊन मुळ्या काढल्या. मी सोबत होतो. प्रत्येक झुडूप मी चित्राशी ताडून पाहिलं. तीन-तीन पानांचे वळे, लाल देठ, काळी पिकलेली फळं, सगळं तंतोतंत. झुडूप उपटायचं नाही, एका बाजूची मुळी काढून माती परत लोटायची, आणि फळं तिथेच चुरगळून टाकायची, ही तिची पद्धत होती. वाळवायचं काम मी बायांवर सोपवलं आणि शाळेत परत आलो. दोन आठवड्यांनी शिवलेली गोणी माझ्या दारात आली. शिवणीतून हात घालून मी मूठभर बाहेर काढलं. पांढऱ्याशुभ्र, पातळ, खडखडीत वाळलेल्या चकत्या. मातीचा कण नाही. मला इतका आनंद झाला की कंपनीला पाठवलेल्या पत्रात मी मुद्दाम लिहिलं, 'आमच्या भागातील स्वच्छता आपल्या लक्षात येईलच.' ते वाक्य आठवलं की अजून कान तापतात.

उत्तर पौषात आलं. मुळीत काही नाही, मुळी फार जुनी असावी. मी चिडलो. जुनी कशी असेल, माझ्या डोळ्यांदेखत खोदलेली! ताबडतोब दुसरी अर्धी गोणी काढायला लावली आणि पाठवली. त्याचं उत्तर माघाच्या शेवटी आलं, आणि ते वाचून मी हादरलो. लिहिलं होतं की वनस्पती तीच दिसते, परंतु तिच्यातलं सत्त्व कुणीतरी आधीच काढून घेतलेलं आहे. आपण उरलेला चोथा आम्हाला पाठवत आहात. पुरवठा करणाऱ्या माणसांची चौकशी करावी. एक शेवटचा नमुना पाहू, मग या भागाचं काम बंद.

पत्राची प्रत त्यांनी रेंज ऑफिसलाही पाठवली होती. रेंजरसाहेबांनी मला बोलावून घेतलं.

"गुरुजी, तुम्ही सज्जन आहात," ते म्हणाले. "पण तुम्हाला फसवलंय. सत्त्व काढून कुठेतरी विकलं जातंय आणि त्यासाठी माझा पास वापरला जातोय. तिसरा नमुना बघा. तो खोटा निघाला तर पास रद्द. आणि मग तिच्या हातात पहार दिसली की केस होणार. मला इलाज नाही."

"साहेब, तिथे अर्क काढायला भांडी तरी आहेत का?"

"ते मला कसं माहीत असणार? तुम्हीच तिथे असता."

हे मात्र मला झोंबलं, कारण खरं होतं. घरी येऊन आदल्या गोणीतून सांडलेली एक चकती फडताळात पडली होती ती काढली आणि दाताखाली धरली. कच्च्या मुळीची चव मला ठाऊक होती. एकदा नुसती जीभ लावली होती तर संध्याकाळपर्यंत तोंड कडूजहर होतं. ही चकती लाकडासारखी बेचव लागली.

मला लाज वाटते, पण लिहितो. त्या क्षणी मला वाटलं की रेंजर म्हणतो तेच खरं. फसवलं मला. कुठूनतरी एखादा व्यापारी आला असेल, त्याने काहीतरी शिकवलं असेल, आणि मी मूर्खासारखा पत्रांतून स्वच्छतेच्या बढाया मारत बसलो. मी शाळेला कुलूप लावलं आणि भर उन्हात तरातरा पाड्याकडे निघालो. पत्र आल्याबरोबर मी तिसऱ्या नमुन्याचा निरोप पाड्यावर धाडला होता, आणि त्याच्या मुळ्या दोनच दिवसांपूर्वी काढून झाल्या होत्या. वाटेत मी काय काय बोलणार आहे ते सगळं मनात घोकून ठेवलं होतं.

फाल्गुन लागला होता. सूर्यमाळच्या बाजूला फाल्गुनातच पाण्याची ओढ सुरू होते. पाड्याजवळचा ओहोळ आटून त्यात नुसते गोटे राहिले होते. प्यायचं पाणी बाया दरीतल्या झऱ्यावरून आणायच्या. उतरायला अर्धा तास, आणि हंडे घेऊन चढायला तास-सव्वा तास. मी पोचलो तेव्हा सुईणीच्या घरामागे चूल धगधगत होती. मोठ्या मडक्यात राखेच्या पाण्यात मुळ्यांच्या चकत्या रटरटत होत्या. एक बाई पहिल्या घाण्याच्या सालींचा ढीग सारत होती. शेजारी मातीत खड्डा खणून त्याला पळसाची पानं लावली होती आणि त्यात शिजलेल्या चकत्या बुडवून ठेवल्या होत्या. दोन बाया डोक्यावर हंडे घेऊन दरीतून वर आल्या, त्यांनी खड्ड्यातलं जुनं पाणी उपसून टाकलं आणि नवं ओतलं. घशाला कोरड पडलेल्या पाड्यात ते पाणी त्या मुळ्यांवर ओतत होत्या.

घोकलेलं सगळं विसरून मी नुसताच ओरडलो, "बाय, हे काय चाललंय?"

"दिसत नाय?" ती चुलीपुढून न उठता म्हणाली. "कडू उतरवतोय. सातवं पानी हाय. आजून दोन लागतील."

"कुणी सांगितलं उतरवायला?"

"सांगाया कशाला लागतंय? कडूकंद कुनी कडूचा कडू देतं का दुसऱ्याच्या घरात?"

कडूकंद म्हणजे काय ते मला माहीत होतं. आषाढ-श्रावणात घरातली नागली, म्हणजे नाचणी, संपली की पाड्यावरचे लोक जंगलातून हे कंद खणून आणतात. ते तसेच खाल्ले तर माणूस मरेल. म्हणून सोलायचे, चकत्या करायच्या, राख घालून उकळायचे आणि वाहत्या पाण्यात ठेवून त्यांचं विष घालवायचं. ते काम लहानपणापासून प्रत्येक बाईच्या हातात बसलेलं असतं.

"पण हा कंद नाही," मी म्हणालो. "हे औषध आहे! तूच देतेस ना औषध म्हणून?"

तिने अंगठ्याचं नख पुढे केलं. "अवशीद एवढं लागतं. तू किती मांगलंस? आर्धी गोनी. मंग पुन्ना आर्धी गोनी. मंग ही तिसरी. गोनीगोनीनं अवशीद कोन खातं, गुरजी? येवढं मूळ मानूस पोट भरायाच नेतं." तिने मडक्यातल्या चकत्या ढवळल्या. "गोऱ्यांच्या मुलखात लई मोठी लढाई झाली, ठावं हाय आमाला. रॉकेल नव्हतं, कापड नव्हतं, ती लढाई. लढाईच्या मागनं भूक येती. तवा आमी म्हनलं, मूळ तर नेत्यात बिचारे, पन कडू कसं उतरवायाचं ते त्यांना कोन सांगनार? तसंच खातील आन मरतील. मंग ते पाप कुनाच्या डोक्यावर?"

मी खाली बसलो. तिला विचारलं, "मग मला का नाही सांगितलंस? पहिल्याच वेळी?"

हंडेवाल्या दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. सुईणच शेवटी बोलली, "कुनाच्या भुकेचं त्याच्या तोंडावर बोलू नाय. तू त्यांचा मानूस. तुला लाज वाटली असती."

मला रडू आलं आणि रडू आलं म्हणून स्वतःचा रागही आला. मला वाटत होतं मी या बायांना जगातल्या मोठ्या संशोधनाशी जोडून देतोय, आणि त्या तीन-चार महिने माझ्या माणसांची भूक माझ्यापासून झाकत होत्या. शिवाय ज्यांना त्यांनी कधी पाहिलं नाही त्या माणसांसाठी आपलं प्यायचं पाणी ओतत होत्या. आणि मी त्यांना चोर ठरवत डोंगर चढून आलो होतो.

"बाय," मी म्हणालो, "तिकडे भूक नाही. त्यांना कडूच हवंय. कडू गेलं म्हणून ते आपल्याला खोटं म्हणताहेत." मग रेंजर काय म्हणाला तेही सांगून टाकलं. पास रद्द होणार, आणि बाळंतिणीसाठी बोटभर मूळ काढलं तरी केस होणार. पासवरची ती अट मी इतके दिवस तिच्यापासून लपवून ठेवली होती. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग चुलीतली लाकडं एकेक ओढून विझवली.

"कोयता दे," ती शेजारणीला म्हणाली. "परत रानात जायाचं."

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही निघालो. जवळची झुडुपं आधीच वापरून झाली होती, आणि एका झुडपाची दुसऱ्यांदा मुळी काढायला ती तयार नव्हती. तेव्हा दूरच्या, दोन डोंगरांपलीकडच्या रानात जावं लागलं. गार्ड आमच्या मागोमाग होता. पासची मुदत संपायला आठवडा उरला होता. चार दिवस आम्ही खोदलं. माझ्या हाताला फोड आले तेव्हा बायांनी मला पाणी आणायच्या कामाला लावलं, आणि तिथेही मी एक मडकं फोडलं. पण या वेळी मी हटलो नाही. मुळ्या सालीसकट सावलीत पसरल्या. रोज सकाळी एक तुकडा चाखून तोंड वाकडं करायचं काम मी स्वतःकडे घेतलं होतं. बाया माझं तोंड बघून हसायच्या. ते जितकं वाकडं होईल तितकं काम चांगलं, असं ठरून गेलं.

गोणीबरोबर मी पत्र पाठवलं. आधीचे दोन नमुने समजुतीच्या चुकीने उकळले गेले होते, फसवणूक झालेली नाही, त्याबद्दल मी जबाबदार आहे. बायांनी ते का उकळले हे मात्र मी लिहिलं नाही. तुम्ही उपाशी आहात असं त्यांना वाटलं, हे साहेबाच्या तोंडावर लिहायला मलाही धीर झाला नाही.

महिना गेला. पासची मुदत संपली होती, म्हणून त्या महिन्यात सुईण जंगलात गेली नाही. खोडाळ्याच्या बाजूची एक पोर बाळंतपणात दोन दिवस अडली. गार्डच्या देखत खोदलेलं सगळं गोणीत गेलं होतं, सुईणीकडे द्यायला मूळ नव्हतं. पोर वाचली, मूल गेलं. मूळ असतं तर ते वाचलं असतं असं मी म्हणत नाही, तीही म्हणाली नाही. पण त्यानंतर ती माझ्याशी चार दिवस बोलली नाही, आणि मलाही तिच्या घरावरून जायचं धैर्य होईना.

चैत्रात उत्तर म्हणून जीपच आली. कंपनीचा संशोधक मुंबईहून जव्हारमार्गे धूळ खात स्वतः मोखाड्याला आला. उंच, हाडकुळा, उन्हाने लालबुंद झालेला माणूस. त्याचं इंग्रजी माझ्यासारखंच उसनं होतं, म्हणून आमचं छान जमलं. त्याने सांगितलं की तिसरा नमुना त्यांच्याकडे आलेल्या मुळ्यांमध्ये फारच जोरकस निघाला. त्याला झाडं बघायची होती आणि दरवर्षी नमुने हवे होते. रेंजरसाहेबांना वरून सहकार्य करण्याचं पत्र आलेलं होतं. त्यांनी नवा पास तयारच ठेवला होता. सुईणीला बोलावलं होतं. ती ऑफिसच्या दाराशी जमिनीवर बसली.

"वाच," ती मला म्हणाली.

मी वाचलं. सदर कंपनीकरिता मुळी काढण्यास वर्षभर परवानगी. अन्य कारणासाठी काढल्यास गुन्हा.

"माज्या बाळंतिनींचं कुटं लिवलंय?"

"त्याला रकाना नाही," रेंजरसाहेब म्हणाले. "कंपनीचं काम मिळालं ना? घे, अंगठा दे."

तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. "मंग मूळ नाय दावनार. तुमचं तुमी हुडका."

संशोधकाने मला विचारलं की अडलंय कुठे. मी सांगायला लागलो, आणि एकदा सुरुवात झाल्यावर माझी जीभ थांबेना. रेंजरपुढे, गार्डपुढे सगळं सांगितलं. राख, मडकं, दरीतून आणलेलं नऊ-नऊ वेळचं पाणी, आणि ते कशासाठी आणलं तेही. "तुम्ही उपाशी आहात असं यांना वाटलं," मी म्हणालो. रेंजरसाहेबांना हसू फुटलं. संशोधक हसला नाही.

त्याने खुर्ची दाराकडे वळवली. मग सावकाश एकेक शब्द शोधत म्हणाला, "लढाईच्या शेवटच्या हिवाळ्यात आमच्या शहरात अन्न नव्हतं. आम्ही फुलझाडांचे कांदे खाल्ले. मधला पिवळा कोंब विषारी असतो. तो आई काढून टाकायची आणि कांदे उकळायची. तिला ते एका शेजारणीने शिकवलं होतं. या बाईंना सांगा, त्यांचा अंदाज चुकलेला नाही. त्यांना फक्त उशीर झाला."

मी सांगितलं. सुईणीने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं. "कोन गेलं याचं?"

"धाकटी बहीण," तो म्हणाला.

दारातून सरकून तिने त्याला सावलीत बसायला जागा करून दिली. आणि तो कंपनीचा साहेब, खुर्ची सोडून, तिथे जाऊन बसला. मग ती रेंजरसाहेबांकडे वळली. "आता बोल. बाळंतिनींचं लिवनार का नाय?"

रेंजरसाहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं, मग वरून आलेल्या पत्राकडे पाहिलं. शेवटी दौत ओढली आणि पासच्या समासात, कुठल्याही रकान्याच्या बाहेर, लिहिलं: 'तसेच स्वतःच्या हाताने द्यावयाच्या औषधापुरती मुळी काढण्यास हरकत नाही.' खाली झोकदार सही केली. मी ती ओळ तिला वाचून दाखवली. तिने पुन्हा वाचायला लावली.

"याचा अंगठा कुटं हाय?" तिने विचारलं.

"साहेबांनी सही केली आहे, बाय."

"सही कुनाची कोन बी करंल. हा साहेब बदलून गेला का दुसरा म्हनंल, मी नाय केली. अंगठा ज्याचा त्याचाच ऱ्हातो. मला अंगठा मांगता ना? मंग त्यानं बी द्यावा."

मला वाटलं आता जमत आलेलं सगळं मोडलं. रेंजरसाहेबांचा चेहरा लाल झाला. आयुष्यात त्यांनी शेकड्याने अंगठे घेतले असतील, दिला एकही नसेल. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी, रीतसर अर्ज करणारा, कायद्याने चालणारा, म्हणालो, "बरोबर आहे तिचं."

त्यांनी शाईचं पॅड पुढे ओढलं, अंगठा दाबला आणि समासातल्या ओळीखाली उमटवला. तिने तो ठसा जवळ धरून पाहिला, वाळू दिला, आणि त्याच्या शेजारी आपला उठवला.

संशोधकाने तिला जीपमधून पाड्यापर्यंत सोडतो म्हणून आग्रह केला, पण ती थांबली नाही. पास कनवटीला खोचला, दाराबाहेर टेकवलेली पहार उचलली आणि गार्डच्या समोरून रानाच्या वाटेला लागली. वरच्या पाड्यात एकीचे दिवस भरले होते, आणि तिच्यासाठी मूळ काढायचं होतं.